एक्केचाळिसाव्या ओळीवरची ‘अगं बाई’

वीज गेली की आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकाच वेळी वीसेक जणांच्या तोंडून जी आरोळी उठायची, ती बाहेर रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू जायची. दोन तास खपून टाइप केलेला प्रोग्राम, फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा राहिलेला, आणि पडदा काळा. कुणी कपाळावर हात मारायचं, कुणी वीजखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. घनपाठी मात्र हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला असायचा. वीज आली की मशीन चालू करायचा आणि ओठ हलवत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच प्रोग्राम पुन्हा टाइप करायचा, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे न होता. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते, आणि माझ्या हातातला खडू खाली पडला. त्याने तो उचलून दिला आणि म्हणाला, “ताई, बत्ती मशीनची गेली. आपली थोडीच जाते!”

ही नव्वदच्या दशकातली, बनारसमधली गोष्ट. माझे वडील बँकेत होते. त्यांची नागपूरहून थेट बनारसला बदली झाली आणि आम्ही संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत भाड्याने राहू लागलो. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या विभागात कॉम्प्युटर शिकवणारे दोन आणि शिकणारे शंभर, म्हणून तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या बऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला असिस्टंट म्हणून उभं करायची पद्धत होती. त्या वर्षी मला उभं केलं. मुलगी असिस्टंट होण्याची ती पहिलीच खेप, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यात स्वभाव तापट. आई म्हणायची, “हिच्या नाकावर राग नसतो, रागालाच नाक फुटलंय.” चुकीचा प्रोग्राम दिसला की मी वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात चूक सांगायचे, आणि मुलं मला ‘दीदी’ म्हणत असली तरी दहा हात लांब राहायची.

विभागप्रमुख त्रिपाठीसरांनी मला एकच नियम सांगितला होता, पण दोनदा सांगितला होता. मुलांना द्यायच्या प्रश्नाचं उत्तर असिस्टंटने आधी स्वतः सोडवून कपाटात कुलपाखाली ठेवायचं, आणि सोडवायचं ते रिकाम्या लॅबमध्ये, मुलांच्या देखत कधीही नाही. मी दोन्ही वेळा “जी सर” म्हटलं होतं.

घनपाठी हे त्याचं नाव नव्हतं आणि त्याची पदवीही नव्हती. बालाजी घाटावरच्या एका मराठी वैदिकांचा हा मुलगा. आठव्या वर्षापासून वडिलांसमोर बसून वेद शिकला. पुस्तक नाही, वही नाही. वडिलांनी एक चरण म्हणायचा, याने तो जसाच्या तसा म्हणायचा, दहादा, वीसदा, कायमचा बसेपर्यंत. मग तेच शब्द सुटे, मग जोडीजोडीने, म्हणजे क्रम, आणि शेवटी पुढेमागे गुंफून. ही शेवटची पायरी म्हणजे घन. हा तिथवर पोचला नव्हता, पण वर्गातल्या पोरांना शेंडी दिसली आणि त्यांनी नाव ठेवून टाकलं. कुणी हाक मारली की तो आधी दुरुस्ती करायचा, “घनपाठी आमचे बाबा. मी तर क्रमापर्यंतच आलो होतो,” आणि मग विचारायचा, “काय?” तो वर्गात होता तोवर पोरांनी नाव बदललं नाही आणि याने दुरुस्ती सोडली नाही.

धुळीने मशीन बिघडतात म्हणून लॅबच्या दाराशी चपला-बूट काढून ठेवायला लागत. बाकीची पोरं त्यावरून कुरकुरायची. कुणाचे मोजे फाटलेले, कुणाच्या मोज्यांना वास. घनपाठीला मात्र या एका गोष्टीने विभागात घरच्यासारखं वाटलं असावं. पहिल्याच दिवशी त्याने चपला काढल्या, नळावर पाय धुतले, ते ओले पाय घेऊन आत आला आणि मला म्हणाला, “ताई, इथेही सोवळं आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कीबोर्डला शिवण्याआधी आचमन करायचं असतं का?” मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मी चांगलं झापलं त्याला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग नाही करत.” तो खरंच विचारत होता, हे समजायला मला महिना लागला.

टाइप करताना त्याची मान हलायची. वेद म्हणताना स्वराप्रमाणे मान वर-खाली करायची शिकवण लहानपणी लागते, ती सुटत नाही म्हणतात. याने ती आमच्या प्रोग्रामला लावली. मोठ्या लिपीतलं अक्षर आलं की मान वर, ओळीच्या शेवटचा अर्धविराम आला की मान खाली. कंस उघडला की डावीकडे, मिटला की उजवीकडे. त्याच्या मागे उभं राहिलं तर पडद्याकडे न बघताही कुठे कंस मिटायचा राहिला ते कळायचं. एकदा त्रिपाठीसर लॅबमध्ये आले, बराच वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “इस लड़के को कोई तकलीफ़ है क्या?”

तकलीफ होती, पण वेगळी. पहिल्या महिन्यात मी त्याला विचारलं, “लूप म्हणजे काय ते सांग.” त्याने डोळे मिटले आणि पाठ्यपुस्तकातलं अख्खं पान म्हणून दाखवलं, इंग्रजीत, अडखळता शब्द नाही. मध्येच म्हणाला, “आकृती तीन पाहा,” आणि शेवटी पानाचा नंबरही म्हणाला. मी विचारलं, “याचा अर्थ काय?” तर म्हणाला, “अर्थ नंतर येतो ना ताई. आधी पाठ.” मग मी फळ्यावर लूप काढला, एका बाईने एकेक पोळी लाटून डब्यात टाकायची आणि कणीक संपली की थांबायचं, असं सांगितलं. तो खुदकन हसला. “म्हणजे हे पारायणच झालं!” त्यानंतर लूप त्याला परत शिकवावा लागला नाही.

हा मुलगा वेद सोडून आमच्याकडे आला कसा, हे त्याने मला एका पावसाळी दुपारी सांगितलं. वीज गेली होती, नेहमीप्रमाणे. चौकातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका छापून द्यायचे. तो कुणाची तरी पत्रिका आणायला गेला, तर कर्रकर्र करत कागद बाहेर आला आणि ग्रहांची सगळी घरं बिनचूक. याने दुकानदाराला विचारलं, “हे कुणाकडून शिकलं?” दुकानदार हसला. “किसी से नहीं महाराज. जो बोल दो, वही बोलता है, न कम न ज़्यादा.” घनपाठी दुकानातून निघून घाटावर येऊन बसला. “ताई, मी दहा वर्षं तेच करत होतो,” तो मला म्हणाला. “जे बोललं ते बोलायचं, न कमी न जास्त. मला वाटलं, माझ्या जातीचा कुणी भेटला. त्याच्याशी ओळख करून घ्यावी.” पाठशाळेत राहून त्याने बाहेरून इंटर, म्हणजे बारावी, दिलेली होतीच. घरी सांगितल्यावर वडील आठ दिवस बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी दोन शब्द बोलले: “एक वर्ष.” पास झाला तर पुढे शिकावं, नाही झाला तर परत पहिल्यापासून पाठ धरावा आणि या गोष्टीचं नाव काढू नये, असा त्याचा अर्थ. वडिलांकडे त्या घरात कुणी अर्थाबद्दल विचारणा करत नसे.

माझ्या आईला तो फार आवडला. बनारसमध्ये मराठी बोलणारं पोर घरी आलं म्हणजे तिला माहेर आल्यासारखं व्हायचं, मग त्याच्या मराठीत निम्मं हिंदी का असेना. तो तिला म्हणायचा, “काकू, परेशान नका होऊ, मी थोडंसंच खाणार,” आणि चार थालीपिठं खायचा. एकदा आईने विचारलं, “आमच्याकडे सत्यनारायण सांगशील का रे?” तो गंभीर झाला. “काकू, पूजा सांगणारे वेगळे. आम्ही सांगत नाही, आम्ही फक्त म्हणतो.” आई दिवसभर ते वाक्य घोळवत हसत होती. मी नाही हसले. मला तेव्हाच थोडं कळायला हवं होतं.

आता त्या प्रोग्रामकडे येते.

हिवाळ्यात पहिल्या वर्षाला मोठा प्रश्न द्यायचा होता. तीस नावं घ्यायची आणि वर्णक्रमाने लावून दाखवायची. याचे गुण वार्षिक परीक्षेत धरायचे होते. मी उत्तराचा प्रोग्राम लिहिला, छापला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. दोन नावांची अदलाबदल करायला तिसरी रिकामी जागा लागते. दोन भांड्यांतलं दूध-ताक बदलायचं तर तिसरं भांडं लागतं तसं. गंमत म्हणून मी त्या जागेचं नाव ‘पातेलं’ ठेवलं होतं. दहा दिवसांनी मुलांनी आपापल्या फ्लॉप्या जमा केल्या आणि मी त्या एकेक उघडून तपासू लागले.

घनपाठीची फ्लॉपी उघडली आणि मी खुर्चीत मागे सरकले. पडद्यावर माझाच प्रोग्राम होता. माझ्यासारखा नव्हे, माझाच. ओळ न् ओळ, रिकाम्या सोडलेल्या ओळींसह. त्यात माझं पातेलं होतं. ‘एन्टर’ या इंग्रजी शब्दाची शेवटची दोन अक्षरं माझ्याकडून उलटी पडली होती, ती तिथेही उलटी होती. मी कपाटातून माझा कागद काढून शेजारी धरला. माझ्या चौऱ्याण्णव ओळी, त्याच्या पंचाण्णव. जास्तीची ओळ होती एक्केचाळिसावी. तिथे शेरा लिहायच्या खुणांमध्ये, म्हणजे मशीन जे वाचत नाही अशा जागी, रोमन अक्षरांत लिहिलं होतं: ‘अगं बाई’.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला एकदा वाचलेलं जन्मभर पाठ राहतं, त्याला कागद चोरून न्यायचीही गरज नाही. किल्ली खिळ्याला. कपाट उघडायचं, एकदा नजर फिरवायची आणि कुलूप लावायचं. आणि एवढं करून वर मला वेडावून दाखवतोय, ‘अगं बाई’! मी किती पोळ्या लाटल्या होत्या याच्यासाठी फळ्यावर, याने आमच्या घरी किती थालीपिठं खाल्ली होती. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. दोन्ही कागद घेऊन तशीच त्रिपाठीसरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “सर, चोरी झाली आहे.”

शुक्रवारी तिघा शिक्षकांसमोर त्याला बोलावलं. मीही होते. तो नेहमीसारखाच आला, दाराशी चपला काढून, जरी त्या खोलीत चपला चालत होत्या. सरांनी दोन्ही कागद त्याच्यापुढे सरकवले.

“यह तुमने दीदी से लिया है?”

“जी सर,” तो म्हणाला. चेहरा उजळलेला. “दीदी से ही लिया है.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या सहज कबुली कुणी देतं का! मीसुद्धा थक्क झाले. काहीतरी सबब सांगेल, रडेल, पाया पडेल, असं मला वाटलं होतं.

“पूरा का पूरा?”

“पूरा, सर. एक अक्षर नहीं छोड़ा.”

“बताया क्यों नहीं?”

“किसी ने पूछा नहीं, सर.”

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. कपाटातलं उत्तर चोरणं म्हणजे परीक्षेचा पेपर चोरण्यासारखंच, असं सर म्हणाले. त्या वर्षाच्या परीक्षेला त्याला बसू द्यायचं नाही, असं ठरलं. पत्र तयार करायला सांगितलं आणि आम्हांला दोघांना बाहेर जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर त्याने चपला घातल्या आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “ताई, सर नाराज का झाले? मी तर खरं बोललो. संथा कुणाकडून घेतली हे सांगण्यात लाज कसली?”

संथा. वेद शिकवणाऱ्याच्या तोंडून पाठ घेतात, त्याला म्हणतात संथा घेणं. 

“कधी घेतलीस तू माझ्याकडून संथा?”

“त्या मंगळवारी ना, ताई! तुम्ही कोपऱ्यातल्या मशीनवर बसून म्हणत होतात. मी मागच्या मशीनवर होतो. एकेक अक्षर, रिकामी ओळसुद्धा, सोडवून म्हणत होतात, इतकं साफ. मला वाटलं, मला देताय. बाबा एकेक चरण दहादा तरी देतात, तुम्ही एकदाच दिला. म्हणून मी जरा ध्यान देऊन ऐकलं.”

मी टाइप करताना पुटपुटते, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे आई म्हणायची, पण आई पुष्कळ काही म्हणायची. त्या मंगळवारी काय झालं होतं ते मला लख्ख आठवलं. प्रश्न दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, माझ्या आळसाने उत्तर लिहायचं राहिलं होतं, आणि रिकाम्या लॅबची वाट न बघता मुलांच्या तासातच मी कोपऱ्यात बसून ते उरकून टाकलं होतं. सरांनी दोनदा सांगितलेला एकुलता एक नियम मोडून.

“आणि ‘अगं बाई’?” मी विचारलं. 

“चाळिसाव्या ओळीनंतर दिवे मिणमिणले, तेव्हा तुम्ही म्हणालात. ती आज्ञा नाही हे मला समजलं, मशीनने ती घेतली नसती. पण तुम्ही म्हणालात ते मी कसं गाळणार? म्हणून शेऱ्यात ठेवलं.”

“आणि त्या ‘एन्टर’मधली चूक? ती तरी दिसली होती का तुला?”

“दिसली ना.” तो जरा लाजला. “पण ती तुमची होती, ताई.”

माझ्या मागे सरांच्या खोलीचं दार होतं. दोन पावलं. मी वळले, कडीला हात लावला. आतून एक सर म्हणताना ऐकू आले, “लड़की ने अच्छा पकड़ा!” आणि त्रिपाठीसर म्हणाले, “इसीलिए तो रखा है उसे.” माझा हात कडीवरून खाली आला. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. आत जाऊन म्हणायचं काय, की चोर मी पकडला नाही, मी तर तुमचा नियम मोडला? मी घनपाठीला म्हटलं, “बघते मी,” आणि सायकल काढून घरी आले.

शनिवारी कॉलेजला गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. रविवारी सुट्टी होती. सोमवारीही गेले नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि काही विचारलं नाही. या तीन दिवसांत मी मनातल्या मनात सरांच्या खोलीत किती वेळा गेले असेन! दर वेळी कडीपर्यंत जाऊन परत येत होते.

सोमवारी दुपारी दार वाजलं. आईने उघडलं आणि तिथेच थबकली. घनपाठी होता, पण शर्ट-पँट नाही. धोतर, उपरणं, डोक्याचा गोटा केलेला, शेंडीला गाठ. शनिवारी वडिलांना विभागात बोलावून सही घेतली होती. वडील एक अक्षर बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या पाठशाळेत कळवलं होतं. बुधवारची गाडी होती. हे सगळं त्याने आईला उभ्याउभ्या सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मग उपरण्यातून नारळ आणि सुपारी काढून माझ्यापुढे ठेवली आणि वाकू लागला.

मी पाय ओढून घेतले. “हे काय करतोस?”

“संथा घेतली होती, ताई. जाण्याआधी दक्षिणा द्यायची असते.”

“मी नाही घेणार. मी कोण तुला संथा देणारी? मीच तुझी तक्रार केली, माहिती आहे ना तुला?”

“माहिती आहे.” तो तसाच वाकलेला होता. “घ्या ना, ताई. तुम्ही नाही घेतली तर मी घेतलेलं चोरीचंच होईल.”

आई भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी नारळ उचलला. त्याने नमस्कार केला. आणि मग मात्र मी एक क्षणही थांबले नाही. पायात सापडली ती चप्पल घातली, त्याचं मनगट धरलं, गल्लीतून त्याला ओढत नेलं आणि सायकलरिक्षात बसवलं. वाटभर तो विचारत होता, “काय झालं ताई? काय झालं?” नारळ माझ्या मांडीवर होता.

त्रिपाठीसर खोलीत एकटेच होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मंगळवार, कोपऱ्यातलं मशीन, पुटपुटणं, नियम. सरांचा विश्वास बसेना. ते घनपाठीकडे वळले. “एक बार सुनकर? सुनाओ.”

त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. एकेक अक्षर, एकेक कंस, मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. उलटी अक्षरं उलटीच. तीन आठवड्यांपूर्वी मी कुठे श्वास घेतला होता, कुठे अडखळले होते, कुठे घशात खाकरले होते, तेही. चाळिसावी ओळ संपली आणि त्या धोतरातल्या मुलाच्या तोंडून माझा नागपुरी आवाज आला, “अगं बाई!”  शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला होता. शेवटचा कंस मिटला तेव्हा सरांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं आणि शाई टेबलावर पसरली होती.

त्याचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. तो बुधवारी गेला. मी पंचगंगा घाटापर्यंत सोबत गेले, तिथे त्याचे वडील उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. लॅबचं काम सरांनी माझ्याकडून काढून घेतलं. नसतं काढलं तरी मी ते सोडलंच असतं. पुढे मी शिकवण्याच्याच धंद्यात पडले. दोन विद्यार्थ्यांचं काम सारखं दिसलं की अजूनही आधी माझं डोकं तापतं. मग मी त्यांना बोलावून विचारते, “कुणाकडून घेतलंस?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तोंड बंद ठेवते. बहुतेक वेळा साधी नक्कलच असते. तरी विचारते. घनपाठी आता खराखुरा घनपाठी झाला आहे, असं बालाजी घाटावरचं कुणीतरी आईला सांगत होतं. आता त्याला कुणाची दुरुस्ती करावी लागत नसेल.

पण त्या दुपारचं शेवटचं राहिलं.

सरांनी टेबलावरची शाई टिपली. मग म्हणाले, पत्र आज सकाळीच वर ऑफिसात गेलं, वडिलांच्या सहीसह. आता ते परत येत नाही. शनिवारी टेबलावरच पडून होतं. “शनिवार को आ जातीं तो मैं यहीं फाड़ देता.” पुढच्या वर्षी तो पुन्हा पहिल्या वर्षाला बसू शकेल. पण पुढचं वर्ष त्याच्याकडे नव्हतं. त्याला मिळालेलं वर्ष एकच होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

“यह बात तुम्हें पता कब चली?” सरांनी मला विचारलं.

“शुक्रवारी,” मी मराठीतच बोलून गेले. “तुमच्या दाराबाहेर.”

“तो तीन दिन करती क्या रहीं?”

 नारळ दोन्ही हातांत धरून मी उभी होते. आणि मला अडलेलं पाहून, वर्गात शेजारच्याला सांगावं तसा, घनपाठी पुढे झाला.

“दीदी को मत डाँटिए, सर,” तो म्हणाला. “पाठ पक्का होने में तीन दिन तो लगते ही हैं.”

तो टोमणा असता तर मी सोसला असता. पण तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तीन दिवस मी काय पक्कं करत होते, ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.